परत आलेल्या डेव्हला कुणी विचारलंच नाही

सस्पेन्स कादंबरी हातात घेतली की आपण लगेच खुनी शोधायला लागतो. कोण खोटं बोलतंय, कोण उगाचच जास्त शांत आहे, सगळ्यांवर आपली नजर. डेनिस लेहेन या अमेरिकन लेखकाची ‘मिस्टिक रिव्हर’ मीही तशीच वाचायला घेतली. पण अर्ध्यावर आल्यावर खुनी कोण, यापेक्षा दुसराच प्रश्न मला छळायला लागला. पंचवीस वर्षांपूर्वी परत आलेल्या त्या मुलाशी कुणीच का बोललं नाही?

२००१ साली आलेली ही कादंबरी बॉस्टन शहरातल्या एका कामगार वस्तीत घडते. शॉन, जिमी आणि डेव्ह हे तीन मित्र, वय अकराच्या आसपास. शॉन आणि जिमीचे वडील एकाच कारखान्यात चॉकलेट-गोळ्या बनवायच्या कामावर. कपड्यांतून तो वास रोज घरी येतो, इतका की दोन्ही मुलांना पुढे गोडाचा तिटकारा बसतो. शॉन राहतो तिकडे लोकांची स्वतःची घरं. जिमी आणि डेव्हच्या भागात बहुतेक भाडेकरू. दोन्हींमध्ये अंतर चालत जाण्याइतकंच, पण फरक मुलांनाही कळतो.

१९७५ मध्ये एके दिवशी तिघं शॉनच्या गल्लीत भर रस्त्यात मारामारी करत असतात. एक गाडी थांबते. आतले दोघं पोलीस असल्याचं भासवून मुलांना दरडावतात. डेव्हचं घर त्या गल्लीत नाही. घरी सोडण्याच्या निमित्तानं ते त्याला गाडीत बसवतात आणि घेऊन जातात. चार दिवसांनी डेव्ह त्यांच्या तावडीतून निसटून परत येतो. त्याच्याबरोबर काय झालं असेल, हे मोठ्यांना कळायला वेळ लागत नाही.

मग वस्ती काय करते? जल्लोष करते. पोरगा परत आला म्हणून सगळी गल्ली रस्त्यावर उतरते. पण तो उत्साह ओसरल्यावर डेव्हच्या वाट्याला उरतात शाळेतले टोमणे आणि मोठ्यांची शांतता. ही माणसं दुष्ट नाहीत. विषय काढला तर पोराला त्रास होईल, असंच बहुतेकांना वाटत असणार.

पंचवीस वर्षं जातात. जिमी तुरुंगवास भोगून आला आहे आणि आता कोपऱ्यावरचं दुकान चालवतो. शॉन पोलिसांत तपास अधिकारी आहे. डेव्हला बायको आहे, लहान मुलगा आहे. एका रात्री जिमीच्या एकोणीस वर्षांच्या मुलीचा, केटीचा, खून होतो. त्याच रात्री डेव्ह रक्तानं माखून घरी येतो. तपास शॉनकडे येतो. पुढचं मी सांगणार नाही, तुम्हीच वाचा.

लेखकाची खरी करामत मला इथे दिसली. कादंबरीतला सगळा ताण न बोलण्यातून तयार होतो. डेव्ह बायकोला त्या रात्रीबद्दल सांगतो ते तिला पटत नाही. त्याला खरं बोलता येत नाही, कारण लहानपणापासून त्याला कुणी बोलूच दिलेलं नाही. आणि संशय घ्यायला तोच सगळ्यांत सोपा, कारण तो आधीपासूनच ‘जरा वेगळा’. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याच्याकडेच पंचवीस वर्षांनी बोट दाखवलं जातं.

लेहेन बॉस्टनच्याच डॉर्चेस्टर भागात वाढले. पूर्णवेळ लेखक होण्याआधी त्यांनी अत्याचार झालेल्या मुलांचे समुपदेशक म्हणूनही काम केलं होतं. पुस्तक आलं त्याच्या पुढच्याच जानेवारीत, २००२ मध्ये, ‘बॉस्टन ग्लोब’नं तिथल्या चर्चमधल्या धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या अत्याचारांची आणि वरिष्ठांनी ती प्रकरणं कशी दडपली याची वृत्तमालिका सुरू केली. कादंबरीतली शांतता त्या शहरात खरोखरच होती.

ती आपल्याकडे नाही असं म्हणायची सोय नाही. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतली १२,४४७ मुलं त्यात होती. त्यांच्यापैकी ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. अत्याचार करणारे निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे होते आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती.

इंदूर असो, बडोदा असो की बेळगाव, आपला गोतावळा आटोपशीर. लग्नात, गणपतीत, मंडळाच्या कार्यक्रमात तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. अडीअडचणीला हाच गोतावळा धावून येतो. पण ‘चारचौघांत शोभा नको’ हे वाक्यही इथेच सगळ्यांत जास्त ऐकू येतं. आता २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, तो मुलींइतकाच मुलग्यांनाही संरक्षण देतो. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. पण तिथवर पोहोचण्याआधी घरातल्या कुणीतरी शांतपणे ऐकून घ्यावं लागतं, आणि ‘तुझं काही चुकलं नाही’ असं म्हणावं लागतं.

या कादंबरीवर क्लिंट ईस्टवुड यांनी २००३ मध्ये त्याच नावाचा चित्रपट केला. जिमी झालेले शॉन पेन आणि डेव्ह झालेले टिम रॉबिन्स, दोघांनाही ऑस्कर मिळालं. तरी आधी पुस्तकच वाचा. विषय जड आहे, त्यामुळे अगदी लहानांच्या हाती देऊ नका. कॉलेजात जाणाऱ्यांनी मात्र जरूर वाचावं. आणि वाचताना लहानपणीचा एखादा अचानक गप्प झालेला मित्र किंवा मैत्रीण आठवली, तर पुस्तक थोडा वेळ बाजूला ठेवा. त्याला फोन करा, नुसतं ‘कसा आहेस’ विचारा, आणि तो बोलेपर्यंत थांबा.