थर्मामीटर भिंतीवर नको, भांड्याला लावा!

घरी बिअर आंबवताना खोलीच्या तापमानावर विसंबू नका. साखर खाताना यीस्ट स्वतःच उष्णता सोडतं. खोली 20 अंशांवर असली तरी आतला द्रव 23-24 पर्यंत सहज चढतो. एल यीस्टला साधारण 18 ते 20 अंश मानवतात, लागरला 9 ते 13. पहिले तीन दिवस सगळ्यात मोलाचे. तेव्हा तापलं की घशाला झोंबणारी जड अल्कोहोलं तयार होतात, आणि ती नंतर थंड करूनही जात नाहीत. बव्हेरियात 1553 मध्ये उन्हाळ्यात बिअर बनवायलाच बंदी घातली होती, इतका हा प्रश्न जुना!

फ्रिज नसेल तर भांडं पाण्याच्या टबात ठेवा आणि गोठवलेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला. ओला पंचा गुंडाळून पंखा लावणंही छान, पण दमट हवेत ते फारसं चालत नाही.