पीक राखणीची बंदूक : परवाना, वापर आणि काळजी



पेरणी झाली की पारवे आणि कावळे, कणीस भरले की पोपट, आणि पीक हाताशी आले की रानडुकरे, असा राखणीचा वर्षभराचा फेरा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. डुकरांचा एक कळप एका रात्रीत मक्याचा किंवा भुईमुगाचा तुकडा लोळवून जातो. अशा वेळी "बंदूक घ्यावी का?" हा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. काहींच्या घरी वडील-आजोबांच्या काळची ठासणीची बंदूक असतेच. परंतु बंदुकीच्या बाबतीत अपुरी माहिती ही पिकाच्या नुकसानीपेक्षा महाग पडते. रात्री पिकात काहीतरी हलले म्हणून बार टाकावा आणि तेथे शेजारचा राखणदार असावा, असे प्रसंग घडतात. गेलेले पीक पुढच्या हंगामात येते, गेलेला माणूस येत नाही. यास्तव परवाना, कायदा, सुरक्षित वापर आणि बंदुकीशिवाय करावयाचे उपाय यांची माहिती पुढे दिली आहे.

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे

या विषयातील सर्वांत मोठा गैरसमज येथेच आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना शस्त्र अधिनियम, १९५९ खाली मिळतो. वन्यप्राणी मारण्याची परवानगी ही वेगळी बाब असून ती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली वन विभागाकडून लेखी घ्यावी लागते. पहिला कागद खिशात असला तरी दुसऱ्याशिवाय केलेली शिकार हा गुन्हाच ठरतो, मग ती स्वतःच्या शेतात का केलेली असेना.

१९७२ च्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती अमलात आली. त्यानुसार प्राण्यांच्या अनुसूची कमी झाल्या. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) हे दोन्ही आता दुसऱ्या अनुसूचीत आहेत. या अनुसूचीतील प्राणी उभ्या पिकाला धोकादायक झाला असेल, तर कायद्याच्या कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. त्यासाठी आपल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात नुकसानीच्या तपशिलासह लेखी अर्ज करावा, पोच घ्यावी आणि परवानगीतील प्राणी, गाव, गट क्रमांक व मुदत नीट वाचून घ्यावी. मारलेला प्राणी ही शासनाची मालमत्ता असते. त्याचे मांस वाटून घेणे हाही गुन्हा आहे.

मोर हा पहिल्या अनुसूचीतील पक्षी आहे. त्याने कितीही नुकसान केले तरी त्याच्यावर बंदूक रोखू नये. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीस ३ ते ७ वर्षे कैदेची शिक्षा आहे.

परवाना कोणाला व कसा मिळतो?

१. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे.

२. ग्रामीण भागात परवाना देणारा अधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी, अर्थात जिल्हाधिकारी होय. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत हे अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतात.

३. अर्ज शस्त्र नियम, २०१६ मधील विहित नमुन्यात करावयाचा असतो. परवान्यांची नोंद आता राष्ट्रीय संगणकीय प्रणालीत होते व प्रत्येक परवानाधारकास स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो. जुन्या परवान्यावर हा क्रमांक नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत तातडीने चौकशी करावी.

४. ओळख, पत्ता व वयाचा पुरावा, छायाचित्रे आणि शारीरिक व मानसिक आरोग्याचा वैद्यकीय दाखला जोडावा लागतो. पीक संरक्षणासाठी अर्ज असल्यास सातबारा व आठ-अ उतारा आणि पूर्वीच्या नुकसानीचे पंचनामे जोडावेत. "जनावरे त्रास देतात" एवढे लिहिण्यापेक्षा पंचनाम्याच्या दोन प्रती अधिक वजनदार ठरतात.

५. अर्ज आल्यावर जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागविला जातो. अर्ज नाकारल्यास सर्वसाधारणपणे कारणे लेखी मिळतात आणि त्या आदेशाविरुद्ध अपील करता येते.

६. पीक संरक्षणासाठी कायद्याने प्रामुख्याने ठासणीच्या बंदुकीचा विचार केला आहे. ती पुरेशी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास किमान २० इंच लांब नळीच्या, आतून गुळगुळीत असलेल्या दुसऱ्या बंदुकीचा परवाना देता येतो. आपल्याकडची बारा बोअरची बंदूक ही या प्रकारातील होय.

७. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवीन परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकाची संमती आवश्यक असते. अशा गावांतील शेतकऱ्यांनी ही बाब आधीच लक्षात घ्यावी.

परवाना मिळाल्यानंतर

२०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ३ ऐवजी ५ वर्षे झाली आणि एका व्यक्तीस जास्तीत जास्त २ बंदुका ठेवता येतात. मुदत संपण्याची तारीख घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी व दोन महिने आधीच नूतनीकरणाचा अर्ज करावा. काडतुसे परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावीत आणि परवान्यावर लिहिलेल्या संख्येपेक्षा जास्त ठेवू नयेत.

आपण गावाला जाताना बंदूक गड्याच्या किंवा भाच्याच्या हाती देऊन "तेवढी राखण कर" असे सांगू नये. परवाना ज्याचा, बंदूक त्याची. परवान्याशिवाय बंदूक बाळगल्यास किमान २ वर्षे व कमाल ५ वर्षे कैद आणि दंड अशी शिक्षा आहे.

परवानाधारक मयत झाल्यास वारसांनी बंदूक माळ्यावर तशीच ठेवू नये. ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी व नंतर वारसाच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करावा. "आजोबांची आठवण" हे उत्तर कायद्यापुढे चालत नाही. निवडणुकीच्या काळात बंदूक जमा करण्याचा आदेश मिळाल्यास तो पाळावा व पावती जपून ठेवावी. लग्न-वरातीत बार काढून कोणाचा जीव धोक्यात आणल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

बंदुकीची ओळख आणि पल्ला

एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्या तर त्यातील एका गोळीचा जो व्यास, तो बारा बोअरच्या नळीचा व्यास, म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर. छर्ऱ्याच्या काडतुसाचा उपयुक्त पल्ला साधारण ३५ ते ४० मीटरच असतो. त्यापुढे छर्रे पांगतात, जनावर मरत नाही, जखमी होते. जखमी रानडुक्कर उलटून अंगावर येते. मात्र उपयुक्त पल्ला संपला म्हणजे धोका संपला असे नाही. बारीक छर्रे २०० मीटरपर्यंत जाऊन डोळा फोडू शकतात. मोठे छर्रे याहून बरेच दूर जातात आणि एकेरी गोळी तर एक किलोमीटरच्या आसपासही पोहोचू शकते. शेजारची वस्ती, पाणंद आणि रस्ता किती अंतरावर आहे हे दिवसा पाहून ठेवावे.

वापरताना घ्यावयाची काळजी

- प्रत्येक बंदूक भरलेली आहे असे समजूनच हातात घ्यावी. नळीचे तोंड माणसाकडे, बैलाकडे किंवा घराकडे कधीही करू नये.
- बार टाकण्याची वेळ येईपर्यंत बोट चापावर ठेवू नये.
- बांध, कुंपण किंवा ओढा ओलांडताना, मचाणावर चढताना-उतरताना बंदूक रिकामी करावी. भरलेली बंदूक दोराने वर ओढून घेऊ नये.
- रात्री केवळ आवाजावर, हालचालीवर किंवा चमकणाऱ्या डोळ्यांवर बार टाकू नये. विजेरीच्या उजेडात संपूर्ण जनावर ओळखू आले पाहिजे आणि त्याच्या मागे काय आहे तेही दिसले पाहिजे. उभ्या उसात किंवा मक्यात मागचे दिसत नाही, म्हणून तेथे बार टाकूच नये.
- मचाणावरून खाली जमिनीच्या दिशेने बार टाकणे तुलनेने सुरक्षित असते, कारण चुकलेले छर्रे मातीत जातात. खडकावर किंवा पाण्यावर छर्रे आपटून भलतीकडे उडतात.
- राखणीला कोण कोठे बसले आहे हे संध्याकाळीच शेजाऱ्यांना सांगावे. जागा बदलायची असल्यास आधी हाक द्यावी.
- नळीत चिखल, गवत किंवा चिंधी अडकली असेल तर बार टाकताना नळी फुटते. बंदूक खाली पडल्यास ती रिकामी करून नळीतून आरपार पाहावे.
- बारा बोअरच्या बंदुकीजवळ वीस बोअरचे काडतूस ठेवू नये. ते नळीत पुढे सरकून अडकते, मागे बारा बोअरचे काडतूस बसते आणि बार होताच नळी फुटते.
- बार न झाल्यास नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबावे, मगच बंदूक उघडावी. ठासणीच्या बंदुकीत याहून जास्त वेळ थांबावे.
- मद्य घेतलेल्या माणसाने बंदुकीला हात लावू नये.

ठासणीच्या बंदुकीत दारू नेहमी मापानेच घालावी. एकदा भरलेली बंदूक विसरून पुन्हा भरली तर ती हातात फुटते. यासाठी रिकाम्या नळीत गज टाकून त्यावर खूण करून ठेवावी, म्हणजे बंदूक भरलेली आहे की रिकामी हे गजानेच कळते. ठासताना चेहरा नळीच्या तोंडावर आणू नये. टोपी सर्वांत शेवटी बसवावी. दारूच्या डब्याजवळ विडी ओढू नये. काळ्या दारूची राख ओल धरते व नळी गंजते, म्हणून वापरानंतर नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेलाचा हात द्यावा.

घरी बंदूक रिकामी करून, शक्यतो भाग सुटे करून, कुलूपबंद ठेवावी. काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. किल्ली मुलांना माहीत असलेल्या खुंटीवर ठेवू नये.

पक्ष्यांसाठी बंदूक नकोच

इंग्लंडमध्ये रानकबुतरे वाटाणा व मोहरीवर्गीय पिकांचे मोठे नुकसान करतात. तेथील शेतकरी कायद्याने घालून दिलेल्या अटींत, शेतात नकली कबुतरे मांडून व आडोशाला बसून त्यांची शिकार करतात. नकली पक्षी वाऱ्याकडे तोंड करून घोड्याच्या नालेच्या आकारात मांडतात आणि मध्ये उतरायला जागा मोकळी सोडतात. आपल्याकडे हा मार्ग अनुसरू नये. उडत्या थव्यात पारवा कोणता, होला कोणता आणि आपला राज्यपक्षी हरियल कोणता हे ओळखणे कठीण असते. होला, हरियल आणि पोपट यांना कायद्याचे संरक्षण आहे. कमी शक्तीच्या हवाई बंदुकीला परवाना लागत नसला तरी तिने या पक्ष्यांना मारणे ही शिकारच होय.

मात्र त्या पद्धतीतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे : पक्षी पक्ष्याला बोलावतो. शेतात चार पारवे बसलेले दिसले की वरून जाणारा थवा तेथेच उतरतो. म्हणून सकाळी पहिले चार पक्षी बसू न देणे हीच खरी राखण. सूर्योदयापासून पहिले दोन तास आणि मावळतीपूर्वीचा काळ राखणीस महत्त्वाचा असतो.

- पेरणी योग्य खोलीवर करून बी नीट झाकावे व उगवण पूर्ण होईपर्यंत राखण करावी.
- ज्वारी, मका व सूर्यफुलावर दाणे चिकात येताना चकाकणारी फीत पिकाच्या थोडी वर, दोन-तीन पीळ देऊन खांबांना बांधावी. वाऱ्याने ती चमकते व आवाज करते.
- मक्याच्या बांधाकडील दोन-तीन ओळींतील कणसे त्याच झाडाच्या पानांनी झाकून घ्यावीत.
- बुजगावणे, डबे व फिती यांच्या जागा दर दोन-तीन दिवसांनी बदलाव्यात. एकाच जागी असलेल्या वस्तूला पक्षी सरावतात.
- हरभऱ्यात घाटेअळी खाणाऱ्या पक्ष्यांसाठी पक्षिथांबे उभारतो, हे विसरू नये. दाणे खाणारा पक्षी पाहून सर्वच पक्ष्यांना हुसकावणे तोट्याचे ठरते.

कार्बाइडवर चालणाऱ्या घरगुती तोफा वापरू नयेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिवाळीत मध्य प्रदेशात अशा तोफांमुळे अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या.

रानडुकरांसाठी इतर उपाय

कुंपणात थेट घरगुती वीज सोडणे आणि गावठी बॉम्ब ठेवणे हे दोन्ही गुन्हे आहेत. त्यात गुरे आणि माणसेही मरतात. त्याऐवजी ठरावीक अंतराने क्षणिक झटका देणारे सौर कुंपण वापरावे. जंगलालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून यासाठी अनुदानाची तरतूद आहे. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून एकच कुंपण केल्यास खर्च कमी होतो.

नुकसान झालेच तर ३ दिवसांच्या आत वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करावा. पंचनामा होईपर्यंत मोडलेले पीक, पायांचे ठसे व उकरलेली जमीन तशीच ठेवावी आणि छायाचित्रे काढावीत. हाच पंचनामा भरपाईसाठी, शिकारीच्या परवानगीसाठी आणि बंदुकीच्या परवान्यासाठी उपयोगी पडतो.

थोडक्यात, आधी कुंपण व राखण, मग भरपाईचा अर्ज, मग वन विभागाची लेखी परवानगी आणि सर्वांत शेवटी बंदूक, हा क्रम ठेवावा. आणि ज्या रात्री समोर काय आहे याची पूर्ण खात्री नसेल, त्या रात्री बार न टाकता डबा वाजवावा. चार कणसे जातील, पण शेजारी सकाळी बांधावर भेटेल.