फेस हवा, पण घाई?

बिअर म्हटलं की आधी दिसतो तो फेस. पण तो येतो कुठून, हा प्रश्न ग्लास हातात असताना कोणाला पडतो? मला पडला अमेरिकेत, सिअ‍ॅटलमध्ये.

तिथे राहणारा माझा कॉलेजमधला मित्र आठवडाभर कोडिंग करतो आणि वीकएण्डला गॅरेजमध्ये बिअर बनवतो. १९७८ च्या कायद्यामुळे तिथे दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत बिअर करमुक्त बनवता येते. स्वतःपुरती, विकायची नाही. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय हा गुन्हा आहे. बाल्कनीतले प्रयोग कॅन्सल!)

यीस्टने साखर खाल्ली की अल्कोहोल तयार होतं, पण बराचसा गॅस उडून जातो. बिअर राहते सपक. मग ती जाते १९ लिटरच्या स्टीलच्या केगमध्ये, आणि सिलिंडरमधून वर सोडतात कार्बन डायऑक्साइड. फंडा विल्यम हेन्रीचा, १८०३ चा: दाब जास्त, तितका गॅस जास्त विरघळतो. शिवाय द्रव गार हवा. फ्रिजमध्ये ३-४ अंशांवर, १२ पीएसआय दाबाखाली आठ-दहा दिवस ठेवलं, की लिटरभर बिअरमध्ये सुमारे अडीच लिटर गॅस मावतो.

पण मित्राकडे आठ दिवस होतेच कुठे? साताऱ्याहून आलेले बाबा रविवारी परत निघणार होते आणि केग भरला होता गुरुवारी रात्री. पोराच्या हातची बिअर बाबांना पाजायचीच, हा त्याचा हट्ट.

‘केग गदागदा हलव, काम फत्ते,’ असे सल्ले आले. हलवल्याने गॅस झटपट विरघळतो हे खरं, पण किती विरघळला याचा अंदाज राहत नाही. जास्त झाला तर ग्लासात नुसता फेसच फेस. त्याने मधला मार्ग काढला. शुक्रवारी सकाळी दाब थेट ३० पीएसआय, म्हणजे जवळपास कारच्या टायरएवढा. चोवीस तासांनी वरचा दाब सोडून पुन्हा १२ वर.

शनिवारी संध्याकाळी काकांनी एक घोट घेतला.

“बरी आहे रे. अजून मुरायला हवी होती का?”

“हो बाबा, आठवडाभर तरी.”

“मग पुढच्या वेळी जास्त दिवस येतो.”

तेव्हा मंडळी, फेसाला शॉर्टकट आहे. पण चव मुरायला दिवस लागतात, आणि ते कोणताही रेग्युलेटर देत नाही.