इंधन तेवढेच, अभिक्रिया दीडपट : अणुसंमीलनात ‘स्पिन’ची कसोटी

नवी दिल्ली : अणुसंमीलनातून वीज मिळवण्याच्या प्रयत्नांत आजवर मुख्य भर राहिला तो प्लाझ्मा अधिक तापवण्यावर आणि चुंबकीय क्षेत्र अधिक प्रबळ करण्यावर. इंधनाकडे त्या मानाने दुर्लक्षच झाले. ‘स्पिन-ध्रुवीकृत’ इंधनाच्या संशोधनाने ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न चालवला आहे.

ड्यूटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या दोन जड रूपांची अणुकेंद्रे एकत्र आली की हेलियम व न्यूट्रॉन निर्माण होतात आणि ऊर्जा मुक्त होते. या अणुकेंद्रांना ‘स्पिन’ हा गुणधर्म असतो. त्यामुळे ती सूक्ष्म चुंबकांसारखी वागतात. ड्यूटेरियमचा स्पिन 1, तर ट्रिटियमचा 1/2. दोन्ही मिळून सहा प्रकारच्या स्थिती संभवतात. त्यांपैकी चार स्थितींत एकूण स्पिन 3/2 भरतो आणि संमीलन जवळजवळ पूर्णतः याच स्थितींत घडते. उरलेल्या दोन स्थितींतील भेटी वाया जातात. नेहमीच्या इंधनात स्पिनच्या दिशा विस्कळीत असल्याने हे टळत नाही. मात्र सर्व अणुकेंद्रांचे स्पिन चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने वळवले, तर प्रत्येक भेट उपयुक्त ठरते आणि अभिक्रियेची शक्यता दीडपट होते.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील रसेल कुलस्रूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 1982 मध्ये मांडली. दहा कोटी अंशांहून अधिक तापलेल्या प्लाझ्मात स्पिनची शिस्त टिकेलच कशी, ही शंका स्वाभाविक आहे. परंतु कणांच्या टकरी प्रामुख्याने विद्युत बलाने होतात आणि स्पिनवर त्यांचा प्रभाव अत्यल्प पडतो. खरा धोका अन्यत्र आहे. न जळलेले इंधन भट्टीच्या भिंतीवर आदळून परतते, तेव्हा ध्रुवीकरण नष्ट होऊ शकते. प्लाझ्मातील काही लहरीही ते बिघडवू शकतात.

दीडपट अभिक्रियेपेक्षाही ट्रिटियमची बचत कदाचित अधिक मोलाची ठरेल. ट्रिटियम निसर्गात जवळपास मिळत नाही आणि साठवले तरी 12.3 वर्षांत निम्मे उरते. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसारख्या जडपाण्याच्या भट्ट्यांत ते तयार होते, पण अल्प प्रमाणात. प्रिन्स्टनच्या प्लाझ्मा भौतिकी प्रयोगशाळेतील संशोधकांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणनेनुसार, ध्रुवीकृत इंधनात ट्रिटियमचा वाटा कमी ठेवूनही तेवढीच शक्ती मिळवता येईल आणि ट्रिटियम जळण्याची कार्यक्षमता किमान दहापट वाढू शकेल. अर्थात, ही गणना आहे. प्रत्यक्ष प्रयोग नव्हे.

प्रयोगाची योजना सॅन दिएगो येथील ‘डीआयआयआय-डी’ या टोकामॅक यंत्रासाठी आखण्यात आली आहे. तेथे किरणोत्सारी ट्रिटियमऐवजी हेलियम-3 वापरण्याचा विचार आहे. त्याचाही स्पिन 1/2 असून ड्यूटेरियमशी होणारी त्याची अभिक्रिया याच नियमाने चालते. शिवाय फुप्फुसांच्या एमआरआय संशोधनामुळे हेलियम-3 ध्रुवीकृत करण्याचे तंत्र हाताशी आहे. बाहेर पडणाऱ्या प्रोटॉनांची संख्या आणि दिशा यांवरून ध्रुवीकरण टिकले की नाही, हे समजेल. ते टिकले, तरी अशा इंधनाचा वीजकेंद्राला पुरेल एवढा अखंड पुरवठा करण्याचा प्रश्न उरतोच. प्रयोगशाळेतील सध्याच्या पद्धतींची मजल तेथवर गेलेली नाही.