नकाशातील अक्षरे हरवतात तेव्हा



एका ओळखीच्या कुटुंबाच्या घराचे बांधकाम सुरू होते. नकाशा संगणकावर काढलेला, मोजमापे नीट, रेषा स्वच्छ. छापील कागद कामावर आला तेव्हा बाल्कनीच्या तपशिलाखाली मराठीत लिहिलेल्या दोन ओळींच्या जागी फक्त प्रश्नचिन्हांची रांग होती. सळ्या बांधणारा कारागीर अनुभवी होता. त्याने काम थांबवले आणि विचारले, "इथे काय लिहिलंय?" तिथे लिहिलेले होते की, मुख्य सळ्या स्लॅबच्या वरच्या बाजूस ठेवाव्यात.

ज्यांना बांधकामाची माहिती आहे त्यांना या दोन ओळींचे मोल सांगायला नको. दोन्ही बाजूंना आधार असलेल्या स्लॅबमध्ये मधल्या भागात ताण खाली येतो, म्हणून मुख्य सळ्या खाली असतात. एकाच बाजूने आधार असलेल्या, पुढे झुकलेल्या बाल्कनीत किंवा छज्जात ताण वर येतो, म्हणून सळ्या वर हव्यात. त्या चुकून खाली गेल्या तर सेंट्रिंग काढल्याबरोबर छज्जा कोसळू शकतो. त्या दिवशी कारागिराने विचारले म्हणून निभावले. पण प्रत्येक वेळी कोणी विचारेलच असे नाही.

आज आपल्या भिवंडी तालुक्यात गोदामे, शेड आणि घरे यांची कामे मोठ्या प्रमाणावर चालतात. आपली अनेक मुले-मुली आय.टी.आय.मध्ये आरेखक (स्थापत्य) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून किंवा खाजगी वर्गात ऑटोकॅड शिकून या कामात उतरत आहेत. वर्गात रेषा, वर्तुळ, मोजमाप शिकवले जाते. अक्षरे बिघडली तर काय करावे, हे मात्र बहुधा नोकरीत ठेच लागल्यावरच कळते. ती ठेच थोडी कमी लागावी, म्हणून हा लेख.

अक्षर कोठे असते?

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. नकाशाच्या फाइलमध्ये अक्षराचे चित्र नसते. तिथे असतो अक्षराचा क्रमांक आणि 'हे अमुक फॉन्टमध्ये दाखवा' अशी सूचना. अक्षराचा आकार फॉन्टच्या वेगळ्या फाइलमध्ये असतो आणि ती फाइल त्या त्या संगणकावर असावी लागते. म्हणून तुमच्या संगणकावर सुरेख दिसणारा नकाशा छपाईच्या दुकानातील संगणकावर बिघडतो. नकाशा तोच असतो, फॉन्ट तेथे नसतो.

ऑटोकॅडमध्ये दोन जातींचे फॉन्ट चालतात. पहिली जात एसएचएक्स. ऑटोकॅड १९८२ साली आले, त्या काळी नकाशे पेन प्लॉटरवर निघत. यंत्राच्या हातात खरोखरचे पेन असे आणि ते कागदावर रेघ ओढत जाई. त्याला सोयीची म्हणून अक्षरेही रेघांचीच बनवली गेली. 'टीएक्सटी', 'सिम्प्लेक्स', 'रोमन-एस' हे त्या घराण्यातले फॉन्ट. ते हलके आणि जलद आहेत, परंतु या नेहमीच्या फॉन्टांत देवनागरी नाही. दुसरी जात ट्रूटाइप, म्हणजे विंडोजमध्ये पत्र लिहिताना आपण वापरतो ते फॉन्ट. मराठी मजकुराला ही दुसरी जातच हवी.

मराठीची खास अडचण

संगणकावर मराठी दोन वेगवेगळ्या मार्गांनी आली. जुना मार्ग असा की, इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावरच मराठी अक्षराचे चित्र बसवायचे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी, सी-डॅकच्या आयएसएममधील फॉन्ट, तसेच कृतिदेव ही नावे पुष्कळांना ठाऊक असतील. कृतिदेवमध्ये 'राम' लिहायचे तर इंग्रजी जे, के आणि ई ही बटणे दाबावी लागतात. फाइलमध्येही जे-के-ई असेच साठते. फॉन्ट असेल तोवर 'राम' दिसतो. फॉन्ट नसला की उरतात ती तीन इंग्रजी अक्षरे.

दुसरा मार्ग युनिकोडचा. या मानकाची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. त्यात प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरीसाठी १२८ जागा राखून ठेवल्या आहेत. फॉन्ट बदलला तरी 'राम'चा 'राम'च राहतो. विंडोजमध्ये विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडची सोय आली आणि ऑटोकॅडची फाइल २००७ या आवृत्तीपासून युनिकोडमध्ये मजकूर साठवू लागली.

मात्र युनिकोडमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठतात. 'विहार' या शब्दात आधी व, मग ऱ्हस्व वेलांटी, मग ह, काना आणि र अशी पाच चिन्हे आहेत. वेलांटी साठते व-नंतर, पण दिसायला हवी व-च्या आधी. 'मार्ग' या शब्दात र आधी साठतो आणि रफार होऊन ग-च्या डोक्यावर बसतो. 'विद्यार्थी' या शब्दात तर दहा चिन्हे आहेत. ही जुळणी करण्याचे काम प्रोग्रामने करायचे असते. एखादा प्रोग्राम किंवा त्याची जुनी आवृत्ती ते काम नीट करत नसेल, तर वेलांटी भलत्या ठिकाणी जाते आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात.

आधी निदान, मग उपाय

अक्षरे बिघडलेली दिसताच मजकूर पुसून पुन्हा लिहू नका. तो मजकूर निवडा आणि 'प्रॉपर्टीज'ची खिडकी उघडून 'कन्टेन्ट्स' या ओळीत काय दिसते ते पाहा. तीन शक्यता असतात.

(१) तिथे मराठी नीट दिसते, पण नकाशात प्रश्नचिन्हे किंवा चौकोन आहेत. अशा वेळी मजकूर शाबूत आहे, दोष फक्त फॉन्टचा आहे. 'स्टाइल' ही आज्ञा द्या, त्या मजकुराची स्टाइल निवडा आणि एसएचएक्सच्या जागी देवनागरी असलेला ट्रूटाइप फॉन्ट द्या. विंडोज ८ पासून 'निर्मला यूआय' हा फॉन्ट येतो. जुन्या नकाशांत पुष्कळदा 'मंगल' असतो, पण विंडोज १० पासून तो ऐच्छिक फॉन्टसंचात गेला आहे. तो नसेल तर विंडोजच्या सेटिंग्जमधून देवनागरी पूरक फॉन्ट बसवून घ्यावेत.

(२) तिथे अर्थहीन इंग्रजी अक्षरे व चिन्हे दिसतात. मजकूर जुन्या पद्धतीचा आहे. नेमका तोच फॉन्ट मिळवून बसवावा किंवा मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. बदलल्यावर प्रत्येक ओळ डोळ्यांनी वाचावी. विशेषतः रफार, 'श्र', आणि 'दुसऱ्या', 'वऱ्हांडा' यांतील अर्धा र तपासावा. हे फॉन्ट विकत घ्यायचे असतील तर रीतसर घ्यावेत. कोणाकडून तरी उचलून आणलेली प्रत अर्धवट असू शकते आणि ते कायद्यालाही धरून नाही.

(३) तिथेही प्रश्नचिन्हेच दिसतात. याचा अर्थ मजकूर खरोखरच गेला आहे. युनिकोड न समजणाऱ्या एखाद्या प्रोग्राममधून तो आणला-नेला गेला असावा. आता फॉन्ट बदलून काही होणार नाही. मूळ फाइल शोधावी किंवा ओळ पुन्हा लिहावी. अंदाजाने मात्र लिहू नये, ज्याने नकाशा केला त्याला विचारावे.

स्टाइल बदलूनही काही ओळी जशाच्या तशा राहतात. बहुधा तो मजकूर 'एमटेक्स्ट' असतो आणि त्याच्या आतच कोणीतरी वेगळा फॉन्ट दिलेला असतो. आतली सूचना स्टाइलपेक्षा वरचढ ठरते. मजकूर उघडून 'रिमूव्ह फॉरमॅटिंग' केले की तो स्टाइलचे ऐकू लागतो. वेलांट्या व जोडाक्षरे तुटत असतील तर एकओळी 'टेक्स्ट' सोडून तीच ओळ 'एमटेक्स्ट'मध्ये लिहून पाहावी आणि शक्य असल्यास प्रोग्रामची नवी आवृत्ती वापरावी.

अक्षर आहे, पण दिसत नाही

काही तक्रारी फॉन्टच्या नसतातच.

प्रत्येक ओळीच्या जागी एकच लांबट चौकट दिसते. कोणीतरी 'क्यू-टेक्स्ट' चालू केलेले असते. जुने संगणक मंद होते, तेव्हा काम भराभर व्हावे म्हणून ही सोय होती. ती बंद करून 'रीजेन' द्यावे. ओळखीची खूण अशी: ओळीला एक चौकट असेल तर क्यू-टेक्स्ट, अक्षरागणिक एक चौकोन असेल तर फॉन्ट.

अक्षरांच्या जागी ठिपका किंवा बारीक रेघ दिसते. अक्षराची उंची चुकली आहे. नकाशा मिलिमीटरमध्ये असेल, १:१०० या प्रमाणात छापायचा असेल आणि कागदावर ३ मि.मी. उंचीचे अक्षर हवे असेल, तर नकाशात उंची ३०० द्यावी लागते. १:५० साठी १५०. नकाशा मीटरमध्ये असेल तर १:१०० साठी ०.३. जो मिलिमीटरच्या नकाशात नुसते ३ लिहितो, त्याचे अक्षर कागदावर ०.०३ मि.मी.चे होते.

एका प्रमाणात मजकूर दिसतो, दुसऱ्यात नाहीसा होतो. तो 'अ‍ॅनोटेटिव्ह' मजकूर आहे. ज्या प्रमाणात छापायचे ते प्रमाण त्या मजकुराला जोडावे.

पडद्यावर दिसते, कागदावर येत नाही. त्या लेयरपुढील छपाईचे चिन्ह बंद आहे का ते पाहावे. 'डेफपॉइंट्स' नावाच्या लेयरवरील काहीही कधीच छापले जात नाही, म्हणून तिथे मजकूर ठेवू नये. पिवळ्या रंगाची अक्षरे काळ्या पडद्यावर उठून दिसतात, पण रंगीत छपाईत पांढऱ्या कागदावर विरतात. छापताना 'मोनोक्रोम' ही शैली निवडली की सर्व अक्षरे काळी येतात.

छपाईत अक्षरे पोकळ येतात. 'टेक्स्टफिल'ची किंमत ० झालेली असते, ती १ करावी.

नकाशा उलटवल्यावर अक्षरे आरशातल्यासारखी उलटी होतात. 'मिरर-टेक्स्ट' (आज्ञेत एम-आय-आर-आर आणि पुढे टेक्स्ट) ० करून मग उलटवावे.

रुपयाचे चिन्ह येत नाही. हे चिन्ह २०१० साली स्वीकारले गेले आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये आले. त्यापूर्वीच्या फॉन्टांत ते असणार नाही. अंदाजपत्रक लिहिताना 'रु.' लिहिणे अधिक निर्धोक.

फाइल दुसऱ्याकडे देण्यापूर्वी

नकाशा उघडताना एसएचएक्स फाइल सापडत नाही असा निरोप आला, तर 'दुर्लक्ष करा' हे बटण घाईने दाबू नका. कोणती फाइल नाही, तिचे नाव टिपून ठेवा. ट्रूटाइप फॉन्ट नसेल तर सहसा निरोपही येत नाही. प्रोग्राम मुकाट्याने दुसरा फॉन्ट लावतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि ओळ चौकटीबाहेर जाते किंवा मोजमापावर चढते. मोजमापाचा एखादा आकडा झाकला गेला तर नुकसान अक्षराच्या नुकसानीहून मोठे.

म्हणून तीन सवयी लावून घ्या. एक, कार्यालयात मराठीसाठी एकच युनिकोड फॉन्ट ठरवा आणि त्याची एकच स्टाइल सर्व नकाशांत ठेवा. दोन, दुसऱ्याला फाइल पाठवताना 'ई-ट्रान्समिट' वापरा. त्यात फॉन्ट सोबत घेण्याची निवड आहे, ती चालू करा. तीन, छपाईसाठी नकाशाची फाइल न देता पीडीएफ करून द्या आणि ती आधी दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर उघडून वाचा.

काहीजण अक्षरे फोडून त्यांच्या रेघा करून टाकतात. मग ती कोठेही बिघडत नाहीत हे खरे, पण ती दुरुस्तही करता येत नाहीत आणि शोधताही येत नाहीत. तसे करायचेच असेल तर प्रतीवर करावे, मूळ फाइल जपून ठेवावी.

शेवटी

'एवढी यातायात कशाला, सर्व इंग्रजीतच लिहावे,' असे काहीजण म्हणतात. रेषा आणि आकडे सर्वांना सारखे कळतात हे खरे. पण सूचना कोणासाठी असते? ती गवंड्यासाठी असते, सळ्या बांधणाऱ्यासाठी असते, आपल्या घरात काय बांधले जात आहे हे पाहणाऱ्या घरमालकिणीसाठी असते. जी सूचना त्यांना वाचता येत नाही, ती लिहूनही न लिहिल्यासारखीच. मराठीत लिहिणे हे जसे आपले काम, तसेच ते लिहिलेले त्यांच्या हातातील कागदावर शाबूत पोचवणे हेही आपलेच काम आहे.

आमच्या त्या ओळखीच्या घराची बाल्कनी आज उभी आहे. नकाशातील दोष अवघ्या पाच मिनिटांत निघाला. मजकूर शाबूत होता, फक्त स्टाइलला एसएचएक्स फॉन्ट लागलेला होता. पाच मिनिटांचे हे काम छपाईपूर्वी झाले असते, तर त्या कारागिराला काम थांबवावे लागले नसते. विद्यार्थी मित्रांनो, नकाशावर सही करण्यापूर्वी तो छापून घ्या आणि त्यावरील प्रत्येक अक्षर मोठ्याने वाचा. जे वाचता येत नाही, ते कामावर पाठवू नका.