लेपर्ड गेकोचा आहार: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लेपर्ड गेको ही मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ भागातली पाल. नीट सांभाळली तर ती पंधरा-वीस वर्षं जगते. मात्र तिच्या खाण्याबद्दल अनेक गैरसमज आहेत आणि त्यांची किंमत मुक्या जिवाला मोजावी लागते.

गैरसमज : फळं, भाज्या, भातही चालतो.
वस्तुस्थिती : न्यू कॅलेडोनियातला क्रेस्टेड गेको फळं खातो, म्हणून हा समज पसरला असावा. लेपर्ड गेको मात्र पक्का कीटकभक्षी आहे. त्याला जिवंत, हलणारे कीटकच लागतात: रातकिडे, पाळलेली झुरळं, मीलवर्म.

गैरसमज : कीटक पोटभर मिळाले की झालं.
वस्तुस्थिती : सगळ्यात मोठं नुकसान या समजुतीमुळे होतं. रातकिडे आणि मीलवर्म यांच्यात कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त असतो. नुसते तेच खाऊन गेकोच्या हाडांतलं कॅल्शियम झिजत जातं; जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, चालताना थरथर होते. म्हणून कीटकांना आधी एक-दोन दिवस पालेभाज्या, गाजर असा चांगला चारा द्यावा आणि गेकोपुढे ठेवताना त्यांच्यावर कॅल्शियमची पावडर भुरभुरावी. कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं. पण त्याचा अतिरेकही घातक असतो. त्याचं प्रमाण पशुवैद्यालाच विचारावं.

गैरसमज : बागेतले किडे जास्त नैसर्गिक, म्हणून उत्तम.
वस्तुस्थिती : त्यांच्या अंगावर फवारणीचं विष असू शकतं, पोटात परजीवी असू शकतात. काजवा तर कधीच देऊ नये. त्याच्या शरीरातलं विष सरड्यांचा जीव घेऊ शकतं आणि त्यासाठी एखादा काजवाही पुरतो.

गैरसमज : रोज भरपूर खाऊ घातलं की तो धष्टपुष्ट होतो.
वस्तुस्थिती : पिल्लांना रोज खाणं लागतं; प्रौढ गेकोला दोन-तीन दिवसांआड पुरतं. तो चरबी शेपटीत साठवतो. भरलेली शेपटी हे तब्येतीचं लक्षण, पण काखेत फुगवटे दिसू लागले तर खाणं जास्त होतंय. कीटकाची जाडी गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा अधिक नसावी. उरलेले रातकिडे काढून घ्यावेत. ते झोपलेल्या गेकोला चावतात.

गैरसमज : खात नाही म्हणजे खाणं आवडलं नाही.
वस्तुस्थिती : आधी पेटीतलं तापमान पाहावं. अन्न पचायला त्याला अंगाखाली ऊब लागते. पेटीच्या उबदार बाजूची जमीन साधारण ३२ अंश सेल्सिअस असावी. दिवसा तो लपून राहतो, त्यामुळे खाणं संध्याकाळी द्यावं. कात टाकतानाही भूक मंदावते. शेपटी बारीक होऊ लागली तर मात्र वाट पाहू नये.

गेको आणण्याआधीच सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य शोधून ठेवा. कॅल्शियमअभावी एकदा वाकलेली हाडं पुन्हा सरळ होत नाहीत.