स्नूकरच्या टेबलावरची साठ वर्षं : अ‍ॅग्नेस डेव्हिस

वेल्सच्या अ‍ॅग्नेस डेव्हिस यांनी १९४९ मध्ये महिलांचं व्यावसायिक स्नूकर विजेतेपद पटकावलं. पुढे १९८० मध्ये महिलांच्या जागतिक स्पर्धेची अंतिम फेरीही त्या खेळल्या. या दोन सामन्यांमध्ये ३१ वर्षांचं अंतर आहे. त्यातला बराच काळ महिलांसाठी मोठी स्पर्धाच होत नव्हती. म्हणूनच त्यांची कारकीर्द समजून घेताना त्यांच्या खेळाबरोबर त्या खेळाची व्यवस्थाही पाहावी लागते.

कोळशाच्या मुलखातलं बालपण

अ‍ॅग्नेस यांचा जन्म १९२० चा, माहेरचं आडनाव मॉरिस. दक्षिण वेल्समधल्या अ‍ॅमनफर्ड गावाजवळच्या सॅरन या खेड्यात त्या वाढल्या. हा कोळसा खाणींचा भाग. खाणकामगार आपल्या तुटपुंज्या मजुरीतून वर्गणी काढून सभागृहं उभारत, आणि त्यांत वाचनालयाच्या जोडीला बिलियर्ड्सची खोलीही असे. तिथे प्रामुख्याने पुरुषांचाच वावर असायचा. अ‍ॅग्नेस यांचं नशीब असं की त्यांच्या वडिलांचाच बिलियर्ड्स हॉल होता. इतर मुलींना ज्या दारातून आत जाणंही अवघड, ते त्यांच्यासाठी घरचंच दार होतं. क्यू हातात धरायला, सरावाला, मोठ्यांचा खेळ जवळून बघायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

दोन खेळ, एकच टेबल

बिलियर्ड्स आणि स्नूकर दोन्ही बारा फूट लांब, सहा फूट रुंद टेबलावर खेळतात. बिलियर्ड्समध्ये तीनच चेंडू असतात. आपल्या चेंडूने बाकीच्या दोघांना स्पर्श केला तर तो कॅनन, त्याचे दोन गुण. चेंडू पॉकेटमध्ये घालण्याचे गुण वेगळे. स्नूकरमध्ये पांढऱ्या चेंडूने पंधरा लाल आणि सहा रंगीत चेंडू ठरलेल्या क्रमाने पॉकेटमध्ये घालायचे असतात.

त्या काळी बिलियर्ड्सचा मान मोठा होता. पण अव्वल खेळाडू इतके तरबेज झाले की एकदा खेळायला लागले की थांबेनातच. ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रम यांनी १९३२ मध्ये एकाच ब्रेकमध्ये, म्हणजे एका सलग खेळीत, ४,१३७ गुण केले. समोरचा खेळाडू खुर्चीत बसून आणि प्रेक्षक जांभया देत, अशी अवस्था झाली. स्नूकरमध्ये मात्र डाव लवकर संपतो, पारडं सारखं फिरतं. १९३० च्या दशकात प्रेक्षक स्नूकरकडे वळले, आणि अ‍ॅग्नेस याच वळणावर मोठ्या झाल्या.

महिलांची व्यावसायिक स्पर्धा

ब्रिटनमध्ये १९३१ मध्ये महिला बिलियर्ड्स संघटना स्थापन झाली. १९३४ पासून महिलांचं व्यावसायिक स्नूकर विजेतेपद सुरू झालं. टेबलं बनवणाऱ्या बरोज अँड वॉट्स या कंपनीचा लंडनच्या सोहो स्क्वेअरमधला हॉल हे महिलांच्या सामन्यांचं महत्त्वाचं ठिकाण होतं.

या काळात दोन नावं गाजत होती. जॉयस गार्डनर यांनी बिलियर्ड्सचं व्यावसायिक विजेतेपद सात वेळा मिळवलं. स्नूकरमध्ये रूथ हॅरिसन यांना तोड नव्हती: १९३४ ते १९४० दर वर्षी आणि युद्धानंतर १९४८ मध्ये, असं आठ वेळा विजेतेपद त्यांच्याकडे गेलं.

अ‍ॅग्नेस यांनी आधी हौशी गटात नाव कमावलं आणि मग त्या व्यावसायिक झाल्या. पण नेमक्या उमेदीच्या वयात दुसरं महायुद्ध आडवं आलं. १९४१ ते १९४७ स्पर्धा बंदच राहिली. विशीतली इतकी वर्षं अशी हातची गेल्यावरही १९४९ मध्ये त्यांनी विजेतेपद मिळवलं, हे मला त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं यश वाटतं.

स्पर्धाच बंद पडली

१९५० चं विजेतेपद थेल्मा कार्पेंटर यांनी जिंकलं, आणि त्यानंतर ही स्पर्धा भरलीच नाही. अ‍ॅग्नेस तेव्हा तिशीत पोचत होत्या. स्नूकरपटूसाठी हे ऐन भराचं वय. पुरुषांच्या स्नूकरलाही उतरती कळा लागली. त्यांची जागतिक स्पर्धा १९५७ नंतर काही वर्षं थांबली. पण पुरुषांची स्पर्धा १९६४ मध्ये पुन्हा सुरू झाली. महिलांना आणखी बारा वर्षं वाट पाहावी लागली.

साठीच्या उंबरठ्यावर अंतिम फेरी

१९६९ मध्ये बीबीसीने ‘पॉट ब्लॅक’ हा कार्यक्रम सुरू केला. रंगीत दूरचित्रवाणी नवी होती आणि रंगीत चेंडूंचा खेळ पडद्यावर खुलून दिसे. स्नूकर घराघरांत पोचलं. १९७६ मध्ये महिलांची जागतिक दर्जाची स्पर्धा झाली आणि व्हेरा सेल्बी विजेत्या ठरल्या.

अ‍ॅग्नेस पुन्हा मोठ्या स्पर्धांत उतरल्या. १९८० च्या जागतिक स्पर्धेत साठीच्या उंबरठ्यावर असताना त्या अंतिम फेरीत पोचल्या. तिथे ऑस्ट्रेलियाच्या लेस्ली मॅकिलरेथ यांच्याकडून त्या हरल्या. त्यानंतरही त्यांनी क्यू खाली ठेवला नाही. त्यांची कारकीर्द साठ वर्षांहून अधिक काळ चालली. २०११ मध्ये, वयाच्या नव्वदीत त्यांचं निधन झालं.

या कारकिर्दीचं मोल

अ‍ॅग्नेस यांच्या नावापुढे एकच व्यावसायिक विजेतेपद दिसतं. केवळ करंडक मोजून त्यांची थोरवी ठरवणं अन्यायाचं आहे. ज्या वर्षांत त्यांना आणखी विजेतेपदं मिळू शकली असती, त्या वर्षांत स्पर्धाच नव्हत्या. आज महिलांचा स्वतंत्र जागतिक दौरा आहे आणि पुरुषांबरोबर खुल्या व्यावसायिक दौऱ्यात खेळण्याची वाटही खुली झाली आहे. गुणी मुली तेव्हाही होत्या, हे अ‍ॅग्नेस यांनी दाखवून दिलं. त्या गुणांना दर वर्षी भरणारी स्पर्धा मिळवून देणं हे संघटनांचं आणि पुरस्कर्त्यांचं काम आहे, आणि त्यात पुन्हा खंड पडता कामा नये.